सतिपट्ठान आणि नैराश्याचा आधुनिक उपचार

पालि तिपिटकात 'सति' या शब्दाला असाधारण स्थान आहे. अष्टांगिक मार्गातील सातवे अंग 'सम्मासति' हे होय. दीघ निकायातील 'महासतिपट्ठान सुत्त' आणि मज्झिम निकायातील 'सतिपट्ठान सुत्त' ही दोन्ही सुत्ते कुरुदेशातील कम्मासधम्म या निगमात उपदेशिली गेली, असे परंपरा सांगते. काया, वेदना, चित्त आणि धम्म या चार विषयांचे सजग निरीक्षण हा या सुत्तांचा गाभा आहे. आज हाच शब्द, इंग्रजी वेष धारण करून, मानसोपचाराच्या ग्रंथांत वावरत आहे. हे स्थित्यंतर कसे घडले आणि सतीच्या अभ्यासाने नैराश्यग्रस्त माणसाच्या मेंदूत नेमके काय बदलते, याचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

'सति' या शब्दासाठी 'माइंडफुलनेस' हा प्रतिशब्द टी. डब्ल्यू. ऱ्हिस डेव्हिड्स यांनी १८८१ साली प्रसिद्ध केलेल्या सुत्तांच्या भाषांतरामुळे रूढ झाला. त्याच वर्षी त्यांनी लंडन येथे पालि टेक्स्ट सोसायटी स्थापन केली. शब्द अशा रीतीने ग्रंथांतून पश्चिमेस गेला. अभ्यास मात्र माणसांकडून माणसांकडे गेला. ब्रह्मदेशातील महासी सयाडो यांनी विसाव्या शतकात सतिपट्ठानाची साधना गृहस्थांसाठी खुली केली. त्यांचे बंगाली शिष्य अनागारिक मुनिंद्र हे पूर्वी बोधगया येथील महाबोधी विहाराच्या व्यवस्थेत होते. ब्रह्मदेशात साधना करून १९६६ साली ते भारतात परतले. १९६७ साली जोसेफ गोल्डस्टीन हा अमेरिकन तरुण बोधगयेत त्यांच्यापाशी शिकला आणि पुढे सहकाऱ्यांसह त्याने अमेरिकेतील बॅरे येथे एक साधनाकेंद्र उभारले. त्याच केंद्रातील शिबिरात बसलेले जीवशास्त्रज्ञ जॉन कबाट-झिन यांच्या मनात ही साधना रुग्णालयात नेण्याची कल्पना आली. १९७९ साली वूस्टर येथील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात, जुनाट दुखण्यांनी त्रस्त झालेल्या रुग्णांसाठी, त्यांनी एक अभ्यासक्रम सुरू केला. या वाटचालीतील एक महत्त्वाचा दुवा बोधगयेत आहे, हे विसरता येणार नाही.

नैराश्याचा प्रश्न निराळा होता. औषधाने वा विचारोपचाराने रुग्ण बरा होतो. परंतु हा आजार पुनःपुन्हा उलटतो. टोरांटोचे झिंडेल सीगल, बँगोरचे मार्क विल्यम्स आणि केंब्रिजचे जॉन टीसडेल या तीन मानसशास्त्रज्ञांनी १९९० नंतरच्या दशकात या उलटण्याचाच विचार केला. टीसडेल यांची मांडणी अशी : नैराश्याच्या काळात खिन्न मनःस्थिती आणि 'मी निरुपयोगी आहे' यांसारखे विचार यांची गाठ बांधली जाते. प्रत्येक झटक्यागणिक ती गाठ घट्ट होते. मग बऱ्या झालेल्या माणसाला सर्वसाधारण उदासी आली, तरी तिच्याबरोबर जुन्या विचारांची मालिका जागी होते. माणूस त्या विचारांचा रवंथ करू लागतो आणि त्यातूनच नवा झटका उभा राहतो. म्हणून रुग्णाला उदासी टाळण्यास न शिकवता, ती आली असता तिच्याशी वेगळ्या रीतीने कसे वागावे हे शिकवावयाचे, असे या तिघांनी ठरविले. कबाट-झिन यांच्या अभ्यासक्रमाशी विचारोपचाराची सांगड घालून त्यांनी आठ आठवड्यांचा गटोपचार सिद्ध केला. त्याच्या पहिल्याच बैठकीत एक मनुका सावकाश, पूर्ण लक्ष देऊन खाण्यास सांगतात. पुढे श्वासाचे व शरीराच्या एकेका भागाचे निरीक्षण येते.

२००० साली या उपचाराची पहिली मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात १४५ रुग्ण होते. ज्यांना पूर्वी तीन किंवा अधिक झटके येऊन गेले होते, त्यांच्यापैकी नेहमीचीच शुश्रूषा मिळालेल्या गटात साठ आठवड्यांत ६६ टक्क्यांचा आजार उलटला. उपचार घेतलेल्या गटात हे प्रमाण ३७ टक्के होते. दोनच झटके आलेल्यांना मात्र लाभ दिसला नाही. २०१५ साली इंग्लंडमधील ४२४ रुग्णांच्या चाचणीत औषधे दीर्घकाळ चालू ठेवणाऱ्यांशी तुलना झाली. दोन वर्षांत आजार उलटण्याचे प्रमाण अनुक्रमे ४४ व ४७ टक्के आढळले. म्हणजे उपचार औषधापेक्षा सरस ठरला नाही, त्याच्या जवळपास राहिला.

आता मेंदूचा विचार करू. २००१ साली मार्कस रायकल व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की, माणूस विशेष काही करीत नसतानाही मेंदूचे काही भाग एकत्रितपणे कार्यरत असतात. अग्रखंडाचा मध्यभाग हा त्यांतील एक. स्वतःविषयीची कथा रचणे, भूतकाळ उगाळणे, भविष्याची धास्ती घेणे या व्यापारांशी या जाळ्याचा संबंध आहे आणि नैराश्यातील रवंथाचाही त्याच्याशी संबंध आढळला आहे. टोरांटो येथे नॉर्मन फार्ब यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, आठ आठवड्यांचा अभ्यास केलेली माणसे वर्तमान अनुभवाकडे लक्ष देत असता त्यांच्या अग्रखंडाच्या मध्यभागाचे कार्य मंदावले आणि शरीराची जाणीव टिपणारे भाग, विशेषतः इन्सुला, अधिक कार्यरत झाले. २०१० सालच्या दुसऱ्या प्रयोगात दुःखद चित्रपटदृश्ये दाखविली गेली. अभ्यास न केलेल्यांच्या मेंदूत दुःखासरशी आत्मकथेचे भाग चेतले आणि शरीरजाणिवेचे भाग मावळले. अभ्यास केलेल्यांत हे मावळणे कमी होते. दोन्ही गटांना दुःख सारखेच झाले होते, हे येथे ध्यानात घ्यावे.

संयुत्त निकायाच्या वेदना-संयुत्तातील 'सल्ल सुत्त' जाणणाऱ्या वाचकास याचा अर्थ चटकन कळेल. तेथे पहिला बाण शरीराला लागतो आणि दुसरा बाण शोक करणाऱ्याच्या मनाला लागतो. पालि 'वेदना' म्हणजे केवळ पीडा नव्हे. सुखद, दुःखद वा तटस्थ अशी प्रत्येक अनुभूती म्हणजे वेदना. ती वेदनेच्याच रूपात पाहिली गेली, तर तिच्यातून कथा फुटत नाही. वरील प्रयोगांत उदासी आली, म्हणजे पहिला बाण लागलाच. परंतु लक्ष शरीराशी टिकून राहिल्याने दुसऱ्याला वाव कमी मिळाला.

तथापि उत्साहाच्या भरात अतिशयोक्ती होऊ नये. आठ आठवड्यांत मेंदूची रचनाच बदलते, असा निष्कर्ष २०११ साली १६ जणांच्या अभ्यासावरून काढला गेला व जगभर पसरला. २०२२ साली विस्कॉन्सिन येथील दोनशेहून अधिक व्यक्तींच्या अभ्यासात तसा रचनाबदल आढळला नाही. कालामांना तपासून पाहण्यास सांगणाऱ्या शास्त्याच्या अनुयायांनी या दुसऱ्या निष्कर्षाचे स्वागतच करावे. तसेच हा उपचार मुख्यतः आजार उलटू नये म्हणून रचलेला आहे. तीव्र नैराश्यात वैद्याकडे जाणे व औषध घेणे यात धम्माशी विसंगत असे काहीही नाही.

एक प्रश्न मात्र आपल्या परंपरेने विचारलाच पाहिजे. अपमान, दारिद्र्य, बहिष्कार यांनी ज्याचे मन खचले, त्याला केवळ श्वासाकडे पाहण्यास सांगणे पुरेसे आहे काय? १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी माणसामाणसांतील संबंध हाच धम्माचा केंद्रबिंदू मानला. अन्यायाचा बाण मारणारा हात रोखणे, हे समाजाचे काम आहे. ते कोणत्याही साधनेवर ढकलता येणार नाही. सतीचे काम वेगळे आहे. बाहेरून लादलेला 'तू हीन आहेस' हा शब्द मनाने स्वतःच्या आवाजात उच्चारू नये, एवढे बळ ती देऊ शकते. ज्याने तो शब्द आतून पुसला, तो बाहेरच्या अन्यायाकडे अधिक निर्भयपणे पाहू शकतो. म्हणूनच सम्मासति आठ अंगांपैकी एक आहे आणि उरलेल्या सात अंगांपासून तिला तोडता येत नाही.