सराव पाठ आणि प्रयोगशाळा

डी.एड. किंवा बी.एड. केलेल्या माणसाला सराव पाठ विसरता येत नाहीत. रात्री जागून लिहिलेलं पाठ टाचण, मागच्या बाकावर निरीक्षण वही उघडून बसलेले मार्गदर्शक, घंटेच्या आत मूल्यमापनाच्या प्रश्नांपर्यंत पोचायची घाई. समोरची मुलं या काळात नेमकं काय करत होती, हे पाठ संपल्यावर विचारलं तर सांगता येईलच असं नाही. ही अडचण ज्याने अनुभवली आहे, त्याला प्रयोगशाळा-शाळांच्या इतिहासात परकं वाटायचं कारण नाही. त्या इतिहासाच्या मुळाशी हाच प्रश्न आहे.

जॉन ड्यूई १८९४ मध्ये शिकागो विद्यापीठात तत्त्वज्ञान विभागाचे प्रमुख म्हणून आले. तिथे अध्यापन सुरू होऊन तेव्हा दोनच वर्षं झाली होती. मानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्र हे विषयही याच विभागाकडे होते. रसायनशास्त्र प्रयोगशाळेवाचून शिकवता येत नाही, मग शिक्षणशास्त्र नुसत्या व्याख्यानांवर कसं चालेल, असा त्यांचा मुद्दा होता. जानेवारी १८९६ मध्ये सोळा मुलं आणि दोन शिक्षक घेऊन शाळा सुरू झाली. १९०२ पर्यंत मुलं १४० आणि शिक्षक २३ झाले. ‘प्रयोगशाळा-शाळा’ हे नाव सुचवलं एला फ्लॅग यंग यांनी. पुढे १९०९ मध्ये याच बाई शिकागो शहराच्या शाळांच्या प्रमुख झाल्या.

शाळेसाठी बाकं घ्यायला गेलेल्या ड्यूईंना मनासारखं काही मिळेना. दुकानात होतं ते सगळं बसून ऐकण्यासाठी केलेलं होतं, आणि त्यांना हवं होतं मुलांना काम करता येईल असं. ‘शाळा आणि समाज’ या १८९९ च्या पुस्तकात त्यांनी हे सांगितलं आहे. त्याच पुस्तकातली कापसाची हकिकत विदर्भातल्या वाचकाला जास्त जवळची वाटेल. मुलांच्या हाती कापसाची बोंडं दिली होती. अर्धा तास बसून हाताने सरकी वेगळी केली, तरी औंसभर रुई निघाली नाही. कापडाच्या इतिहासात लोकर पुढे आणि कापूस मागे का राहिला, हे त्या मुलांनी स्वतःच ताडलं. जिनिंगचं यंत्र आल्याने काय बदललं, हे मग वेगळं शिकवावं लागलं नाही. सूतकताई, इतिहास आणि अर्थशास्त्र एकाच तासात आले, तेही वेळापत्रकात तसं लिहिलेलं नसताना.

पण अशा शाळेत शिक्षक घडवायचा कसा? इथे मतभेद सुरू होतो, आणि माझ्या मते या विषयाचा सगळ्यात वाचनीय भाग हाच आहे. कर्नल फ्रान्सिस पार्कर १८८३ पासून कुक काउंटीच्या अध्यापक विद्यालयाचे प्राचार्य होते. वर्गात उभं राहून शिकवता शिकवता शिक्षक तयार होतो, ही तिथली परंपरा. ड्यूईंची शाळा मुळात शिक्षकांच्या सरावासाठी नव्हती. १९०४ च्या एका निबंधात त्यांनी नवशिक्या शिक्षकाचे दोन मार्ग वेगळे केले: एकात तो कारागिराच्या हाताखालच्या उमेदवारासारखा चटकन हातोटी मिळवतो, दुसऱ्यात मुलाचं मन कसं चालतं हे पाहायला शिकतो. पहिल्याने वर्ग लवकर ताब्यात येतो, आणि पुष्कळदा शिक्षकाची वाढ तिथेच थांबते. आपल्याकडच्या पाठ निरीक्षणाच्या छापील तक्त्यांवर इतकी नेमकी टीका मी दुसरीकडे वाचलेली नाही, आणि लेखकाने ते तक्ते पाहिलेही नव्हते!

१९०१ मध्ये पार्कर यांची संस्था विद्यापीठात आली, १९०२ मध्ये ते वारले, १९०३ मध्ये दोन्ही प्राथमिक शाळा एक झाल्या. ड्यूईंच्या पत्नी ॲलिस यांचं या एकत्र शाळेतलं मुख्याध्यापकपद वर्षापुरतंच आहे, अशी विद्यापीठाचे अध्यक्ष हार्पर यांची समजूत. ड्यूई दांपत्याला तसं कोणी सांगितलेलं नव्हतं. १९०४ मध्ये ड्यूईंनी राजीनामा दिला आणि ते कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१३ ते १९१६ या काळात तिथे शिकणाऱ्या डॉ. आंबेडकरांनी ज्यांची व्याख्यानं ऐकली, ते आपली शाळा गमावून बसलेले ड्यूई होते.

पुढचा इतिहास कमी रोमहर्षक आहे. शिक्षणशास्त्राचे विभागप्रमुख चार्ल्स जड यांच्या काळात शिकागोत मोजमाप आणि चाचण्यांना महत्त्व आलं. २००१ मध्ये विद्यापीठाचा शिक्षणशास्त्र विभागच बंद झाला. शाळा मात्र आजही चालू आहे, फी घेणारी नामांकित खासगी शाळा म्हणून. भारतात राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने साठच्या दशकात भोपाळसह चार ठिकाणी प्रादेशिक शिक्षण महाविद्यालयं काढली आणि त्यांना प्रात्यक्षिक शाळा जोडल्या. महाराष्ट्र आणि गोवा भोपाळच्या कक्षेत येतात.

नव्या वाचकाने ड्यूईंच्या ग्रंथांआधी कॅथरीन मेह्यू आणि ॲना एडवर्ड्स या बहिणींचं १९३६ चं पुस्तक हाती घ्यावं. दोघी त्या शाळेत शिकवत होत्या. वर्गात रोज काय घडत होतं ते त्यांच्याकडून कळतं, आणि एका तत्त्वज्ञाच्या नावावर जमा झालेलं काम किती शिक्षिकांनी केलं तेही. मात्र पुस्तक तीस वर्षांनंतर, प्रेमाने लिहिलेलं आहे, याचं भान ठेवावं. वाचताना आणखी एक हिशेब जवळ असू द्यावा. त्या शाळेत सरासरी सहा मुलांमागे एक शिक्षक होता. चार इयत्ता दोन खोल्यांत सांभाळणाऱ्या जिल्हा परिषदेच्या शिक्षकापर्यंत यातलं काय पोचतं, याचं उत्तर शिकागोच्या कागदपत्रांत मिळणार नाही.