आधी हवा, मग आग

बडोद्याच्या आपल्या मराठी घरांचा विषय निघाला की राजवाडा, गाणं, कीर्तन, वाचनालयं यांवर सगळे भरभरून लिहितात. पाळीला जाणाऱ्यांबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. माझे बाबा बॉयलर अटेंडंट होते, म्हणून आज त्यांची गोष्ट.

१८६३ साली कलकत्त्यात बॉयलर फुटून माणसं दगावली. पुढच्याच वर्षी बंगालमध्ये बॉयलर तपासणीचा कायदा झाला आणि १९२३ साली देशाचा. परवान्याशिवाय बॉयलरला हात लावायचा नाही, ही शिस्त तिथून आली. बाबांचं सर्टिफिकेट आमच्याकडे देवघराशेजारी फ्रेम करून लावलेलं होतं.

बाबा काम शिकले ते कोळशावर. त्यांना शिकवणारे काका आमच्याच गल्लीतले, वीस वर्षं फावडं मारलेले. कोळशाची रीत अशी, की रात्री निखारे राखेखाली दाबून ठेवायचे, सकाळी उकरायचे आणि वर कोळसा टाकायचा. भट्टी गरम असली की काम सोपं.

१९६५ साली कोयलीची रिफायनरी सुरू झाली. फर्नेस ऑइल दारात मिळायला लागलं आणि बाबांच्या कारखान्यानं कोळसा सोडला. राख नाही, फावडं नाही, सगळे खूश. पण कोळशात जी गरम भट्टी सोयीची होती, तीच तेलात घातकी निघाली. ज्योत विझून तेल आत पडत राहिलं तर तापलेल्या विटांवर त्याची वाफ होते. ती भट्टीत कोंडते आणि ठिणगी मिळाली की एकदम पेटते.

म्हणून तेलाचा बॉयलर लावायच्या आधीचं काम मोठं. गेज ग्लास ब्लो करून पाण्याची पातळी खरी आहे ना ते बघायचं, कारण तुंबलेली काच खोटं बोलते. फीड पंप चालवून बघायचा. सेफ्टी व्हॉल्व्ह मोकळा आहे ना ते बघायचं. वरचा एअर कॉक उघडा ठेवायचा. तेल गरम करून पातळ करायचं, नाहीतर बर्नर नीट फवारत नाही. भट्टीत तेल गळून साचलंय का ते वाकून बघायचं. मग डॅम्पर पूर्ण उघडून पाच मिनिटं पंखा. त्यानंतर पलिता, आणि सगळ्यात शेवटी तेल. उभं राहायचं बाजूला, तोंडासमोर नाही. काही सेकंदांत पेट घेतला नाही तर तेल बंद आणि पुन्हा पाच मिनिटं पंखा.

काकांना ती पाच मिनिटं फुकट वाटायची. ज्योत गेली की ते सरळ तेल सोडायचे, गरम विटांवर आपोआप पेटायचं. बाबांनी हे दोन-तीनदा पाहिलं होतं. पण ज्यांच्या हाताखाली शिकलो त्यांना कसं सांगायचं? गप्प राहिले.

एका थंडीच्या सकाळी ज्योत गेली. वर प्रोसेसवाले वाफेसाठी ओरडत होते. काकांनी तेल सोडलं. या वेळी लगेच पेटलं नाही, आणि पेटलं तेव्हा भट्टीचं दार उघडून ज्वाळा बाहेर आली. काकांचं तोंड आणि दोन्ही हात भाजले. जीव वाचला, पण बोटं पुन्हा नीट मिटली नाहीत. पुढं ते गेटवर बसायचे.

त्या दिवसापासून बाबा बदलले. मानानं मोठा असो, इंजिनिअर असो, शेठ स्वतः उभे असोत, पंख्याची पाच मिनिटं झाल्याशिवाय त्यांनी पलिता कुणाच्या हातात दिला नाही. नव्या गुजराती पोरांना सांगायचे, "पहेलां हवा, पछी आग." घरी आई घाई करायला लागली तरी हेच वाक्य.

आता बर्नरला कंट्रोलर असतो. बटण दाबलं की आधी पंखा फिरतो, वेळ भरल्याशिवाय तेलाचा व्हॉल्व्ह उघडत नाही, ज्योत दिसली नाही तर स्वतःच बंद करतो. मीही पुढं याच कामात गेलो. तो पंखा नुसता फिरत असताना नवीन पोरं कंटाळून मोबाईल काढतात. मला मात्र काकांची बोटं आठवतात.

काका दर दिवाळीला आमच्याकडे फराळाला यायचे. बाबा स्वतःच्या हातानं त्यांना चहाची बशी धरायचे. त्या विषयावर दोघं कधी बोलले नाहीत. शेवटच्या आजारात बाबा मला एवढंच म्हणाले, "मी तेव्हा बोलायला हवं होतं रे."

तुमच्या घरात कुणी बॉयलरवर, लूमवर, फाउंड्रीत राबलं असेल तर त्यांचंही लिहा. बडोदं त्यांचंही होतं.