समान अंतराची संख्यामालिका (संगणन)

समान अंतराची संख्यामालिका म्हणजे लगतच्या कोणत्याही दोन पदांमधील फरक सारखाच असलेली, संगणकीय आज्ञावलीने तयार केलेली संख्यांची मालिका होय. गणितात तिला अंकगणिती श्रेढी म्हणतात. आलेख काढणे, किमतींची कोष्टके तयार करणे, कालमापन इत्यादी कामांसाठी तिचा उपयोग होतो.

निर्मितीच्या पद्धती

पहिल्या पद्धतीत आरंभ, मर्यादा आणि टप्पा दिला जातो. पायथन भाषेतील ‘रेंज’ पूर्णांकांची अशी मालिका देते. त्याच भाषेसाठीच्या नंपाय संचातील ‘एरेंज’ला अपूर्णांकी टप्पाही चालतो. दोन्हींत वरची मर्यादा मालिकेत धरली जात नाही.

दुसऱ्या पद्धतीत दोन्ही टोके व पदसंख्या दिली जाते आणि टप्पा संगणक काढतो. नंपाय व मॅटलॅब यांतील ‘लिनस्पेस’ या प्रकारचे आहे. पदसंख्या न सांगितल्यास नंपाय ५०, तर मॅटलॅब १०० पदे देते.

पदसंख्या

० ते १ या अंतराचे १० समान भाग केल्यास दोन्ही टोकांसह पदे ११ होतात. कुंपणाच्या दहा गाळ्यांना अकरा खांब लागतात, तसाच हा प्रकार आहे. भाग आणि पदे यांची गल्लत केल्यास टप्पा चुकतो.

अचूकता

१/३ ही संख्या दशांश चिन्हात लिहिताना संपत नाही. त्याचप्रमाणे १/१० ही संख्या द्विमान पद्धतीत संपत नाही. ती मर्यादित अंकांत साठवावी लागते. त्यामुळे प्रचलित ६४ बिटांच्या मांडणीत ०.१ ही संख्या दहा वेळा मिळवल्यास १ ऐवजी ०.९९९९९९९९९९९९९९९९ येते. ‘एरेंज’ला १ पासून १.३ पर्यंत ०.१ चा टप्पा दिल्यास अपेक्षित तीनऐवजी चार पदे मिळतात आणि वगळावयाचे १.३ मालिकेत येते. म्हणून अपूर्णांकी मालिकेत टप्प्याऐवजी पदसंख्या ठरवणे श्रेयस्कर मानले जाते. प्रत्येक पद पूर्णांक क्रमांकावरून स्वतंत्रपणे काढल्यास, उदाहरणार्थ ३ ला १० ने भागून ०.३ मिळवल्यास, आधीच्या पदांतील त्रुटी पुढे साचत नाही.

एक दुर्घटना

आखाती युद्धात अमेरिकेची पेट्रियट क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा दशांश सेकंदांच्या टप्प्यांनी काळ मोजत असे. टप्प्यांची पूर्णांक संख्या २४ बिटांत छाटलेल्या १/१० ने गुणली जाई. गुणकच अपुरा असल्याने त्रुटी काळाच्या प्रमाणात वाढली; सुमारे १०० तासांत, म्हणजे ३६ लाख टप्प्यांत, ती ०.३४ सेकंद झाली. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील दहरान येथे येणारे स्कड क्षेपणास्त्र या यंत्रणेला रोखता आले नाही आणि २८ अमेरिकी सैनिक मृत्युमुखी पडले.