इयत्तेच्या पुढचं गणित

मंडळी, आज बिबवेवाडीत आम्ही एका साध्या प्रश्नाचा इतिहास मांडणार आहोत. शाळेतल्या मुलाला कॉलेजातलं गणित शिकायचं असेल, तर त्याने जायचं कुठे?

अमेरिकेत याला एक रुळलेली वाट आहे. तिथली हायस्कूलची मुलं शाळेत असतानाच जवळच्या कम्युनिटी कॉलेजात कॅल्क्युलस शिकतात, आणि ते बरेचदा पुढे पदवीलाही धरलं जातं.

आपल्याकडे जुन्या पद्धतीत अकरावीला मॅट्रिक होऊन पंधरा-सोळा वर्षांचं पोर थेट विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाला बसायचं. 1899 साली केंब्रिजला सीनियर रँग्लर झालेले र. पु. परांजपे ज्या फर्ग्युसनचे प्राचार्य होते, तिथे ही मुलं इतक्या कोवळ्या वयात पोचत. 1975 च्या सुमारास दहा अधिक दोन आलं. अकरावी-बारावी पुष्कळ ठिकाणी कॉलेजच्याच आवारात भरू लागली. पण इमारत कॉलेजची आणि अभ्यासक्रम बोर्डाचा, अशी गत झाली.

नेमकं त्याच सुमारास, 1976 मध्ये, श्रीराम अभ्यंकरांनी पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापन केलं. अभ्यंकर पर्ड्यू विद्यापीठातले, बीजभूमितीतलं जगन्मान्य नाव. संस्था संशोधनाची, पण तिथे ऑलिंपियाडची तयारी करणारी शाळकरी मुलंही येऊ लागली. भारत 1989 पासून आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये उतरतो. 1996 ची स्पर्धा तर मुंबईतच भरली होती.

तिथलं गणित वेगळं कसं? तर बघा, लागोपाठच्या तीन संख्यांच्या गुणाकाराला सहाने भाग जातोच. का जातो? तिघींत एक तरी सम असते, आणि एक तिनाने विभाज्य असतेच. पडताळा पाहून इथे भागत नाही, सिद्धता द्यावी लागते. आणि ही सिद्धता आठवीतल्या मुलालाही कळते.

आम्ही तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी, म्हणून प्लेटोचा 'मेनो' आठवतो. कधी भूमिती न शिकलेल्या एका गुलाम मुलाला सॉक्रेटिस नुसते प्रश्न विचारत जातो, आणि दिलेल्या चौरसाच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस कसा काढायचा, ते त्या मुलाला उमगतं. सॉक्रेटिस त्याची इयत्ता विचारत नाही.

आता आपल्या भागाकडे पाहू. अप्परमध्ये राहणाऱ्या नववीतल्या मुलीला लॉ कॉलेज रस्त्यावरचं प्रतिष्ठान गाठायचं तर अख्खं शहर ओलांडावं लागतं. वेळ, बसभाडं आणि सोबतीला मोठं माणूस, हे सगळं ज्या घराला जमतं, त्याच घरातलं मूल तिथे पोचतं. उरलेल्यांची हुशारी घराच्या पत्त्यावर अडते. आणि इथे बिबवेवाडीत 1983 पासून विश्वकर्मा इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी उभं आहे. तिथे गणित शिकवणारे आहेत, फळे आहेत, बाकं आहेत.

क्लासवाले मुलांना प्रवेश परीक्षेसाठी पुढे पळवतात. आम्ही त्याबद्दल बोलत नाही. ज्याला 'का' असा प्रश्न पडतो, त्याला उत्तर शोधायला जवळ जागा हवी, एवढंच आमचं म्हणणं. आठवड्यातली एक दुपार, आसपासच्या शाळांतली मुलं आणि शिकवायला राजी असा एक प्राध्यापक, इतक्यावर सुरुवात होते. श्रोत्यांत कॉलेजातली मंडळी बसली आहेत, म्हणून हे इथेच बोललो.