वकिलांची नामावली : बारामती व इंदापूर तालुके

न्यायालयात वकिली करण्यास अधिकृत असलेल्या व्यक्तींची नावे, सनदेचे क्रमांक व त्यांच्याविरुद्धच्या शिस्तविषयक नोंदी पक्षकारास कळण्याची व्यवस्था. पुणे जिल्ह्याच्या या दोन तालुक्यांसाठी कायद्याने निराळी नामावली ठेवलेली नाही. येथील वकिलांची नावे मुंबईस उच्च न्यायालयाच्या आवारात कचेरी असलेल्या महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलच्या पटावर असतात.

पूर्वपीठिका : मुंबई इलाख्यात वकिलांच्या सनदेस १८२७ च्या दुसऱ्या विनियमाने कायदेशीर बैठक मिळाली, पुढे मुफसलातील प्लीडरांसाठी १९२० चा मुंबई प्लीडर्स अ‍ॅक्ट झाला. अ‍ॅडव्होकेट, वकील, प्लीडर, मुखत्यार अशा नाना वर्गांची सरमिसळ मोडून देशभर एकच पट असावा, ही न्या. सु. रं. दास यांच्या अध्यक्षतेखालील समितीची १९५३ ची शिफारस अधिवक्ता अधिनियम, १९६१ मध्ये मूर्त झाली.

पटाचे स्वरूप : अधिनियमाच्या कलम १७ अन्वये राज्य कौन्सिल हा पट दोन भागांत, ज्येष्ठ अधिवक्ते व इतर, असा ठेवते आणि कलम १९ प्रमाणे त्याची प्रमाणित प्रत भारतीय बार कौन्सिलकडे धाडते. प्रस्तुत संकलकाच्या मते सर्वांत मोलाचे कलम ४१ होय : ठपका अथवा निलंबन झाल्यास ती शिक्षा वकिलाच्या नावासमोर पटात नोंदवावी, वकिली कायमची बंद झाल्यास नाव पटावरून खोडावे व निलंबन असो वा कायमची बंदी, सनद परत मागवावी, असे ते फर्मावते. मात्र ही नोंद पक्षकाराच्या दारी पोहोचविण्याविषयी ते कलम मौन पाळते.

दलालांची यादी : कोर्टाच्या भिंतीवर लावलीच पाहिजे असे ज्या यादीविषयी कायद्याने निक्षून सांगितले, ती वकिलांची नव्हे, दलालांची होय. मोबदला घेऊन अशील वकिलाकडे वळविणाऱ्या इसमांची यादी जिल्हा न्यायाधीशास तयार करता यावी, नाव घालण्यापूर्वी त्यास आपले म्हणणे मांडण्याची संधी द्यावी आणि यादीची प्रत संबंधित प्रत्येक न्यायालयात टांगून ठेवावी, ही १८७९ च्या लीगल प्रॅक्टिशनर्स अ‍ॅक्टमधील कलम ३६ ची तरतूद, मूळ कायदा रद्द करताना, २०२३ च्या दुरुस्तीने कलम ४५-क म्हणून अधिवक्ता अधिनियमात आणली गेली. यादीत नाव असूनही दलाली करणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पाचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. ज्याच्यापासून सावध राहावे त्याचे नाव भिंतीवर, आणि ज्याच्या हाती खटला सोपवावा त्याचे मुंबईच्या दप्तरात, असा हा उफराटा न्याय आहे.

जाहिरातबंदी : भारतीय बार कौन्सिलच्या नियम ३६ ने वकिलास जाहिरातीची मनाई असून पाटीवरही विशिष्ट कामातील नैपुण्य लिहिता येत नाही, २००८ च्या दुरुस्तीने मात्र संकेतस्थळावर नाव, पत्ता, सनद क्रमांक, शिक्षण व कामाचे क्षेत्र देण्यास मुभा दिली. म्हणजे पाटीवर जे निषिद्ध, ते संकेतस्थळावर चालते! जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने वकिलांची कामे मिळवून देणाऱ्या व्यापारी संकेतस्थळांविरुद्ध कारवाईचे आदेश दिले. वकिलाचा निवासपत्ता व दूरध्वनी सर्वांस खुला असावा की नाही, याविषयी मतभेद आहेत.

स्थानिक व्यवहार : बारामतीस अतिरिक्त जिल्हा व सत्र न्यायालय असून इंदापुरास दिवाणी व फौजदारी न्यायालय आहे. नीरा डाव्या कालव्याच्या पाटपाण्याचे तंटे, वाटणीचे दावे, उजनी धरणाच्या फुगवट्याखाली गेलेल्या जमिनींचा वाढीव मोबदला, अशा कामांसाठी तालुक्याच्या गावी येणारा पक्षकार वकील निवडतो तो बहुधा भावकीतल्या कोणाच्या शब्दावरून. त्याच्या हाती येणारा पहिला लेखी पुरावा वकालतनामा : तळाशी वकिलाची सही, ‘महा’ या संक्षेपाने आरंभ होऊन वर्षाने संपणारा सनद क्रमांक आणि १९८१ च्या अधिनियमान्वये लावावयाचे वकील कल्याण निधीचे तिकीट. त्या क्रमांकावरून ई-कोर्ट्स सेवेत वकिलाची चालू प्रकरणे पाहता येतात; मात्र प्रकरणांची संख्या म्हणजे सनद अबाधित असल्याचा दाखला नव्हे.

मोफत साहाय्य : १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाखालील तालुका समिती नामिकेवरील वकील देते, स्त्रिया व अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींस त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

वकील संघ : संघाची यादी सभासदांपुरती असते; सनदेची खातरजमा राज्य कौन्सिलच्या पटावरूनच करावी लागते.