टक्के कमी असतील तर सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये नोकरी मिळते का?

मिळू शकते, पण वाट जरा वेगळी आहे. धाराशिव किंवा तुळजापूरच्या कॉलेजातून इंजिनिअर होऊन पुणे गाठलं, की आधी आडवी येते ती ६० टक्क्यांची अट. दहावी, बारावी आणि पदवी, तिन्हींत ६० टक्के, ही चाळणी बऱ्याच मोठ्या कंपन्या फ्रेशर्सच्या घाऊक भरतीत लावतात. छोट्या कंपन्यांत ओळखीतून किंवा थेट अर्ज करून मुलाखत मिळू शकते. तिथे प्रश्न कामाचे असतात: लॉगिनचं पान कसं तपासाल? मोबाईल नंबर ९ आकडी टाकला तर? पासवर्ड रिकामा सोडला तर?

म्हणून एखाद्या ॲपच्या २०-२५ टेस्ट केस स्वतः एक्सेलमध्ये लिहून न्या. बग सापडला तर काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि काय झालं, हे नेमकं मांडता आलं पाहिजे. आयएसटीक्यूबी फाउंडेशन परीक्षेला टक्क्यांची अट नाही. ४० पैकी २६ उत्तरं बरोबर आली की पास. नोकरीची हमी मात्र तीही देत नाही.

पैसे घेऊन ‘दोन वर्षांचा अनुभव’ कागदावर दाखवून देणारेही भेटतील. त्यांच्या नादी लागू नका. अनेक कंपन्या पीएफची नोंद तपासतात आणि खोटं सापडलं, तर लागलेली नोकरीही जाते.