सरखेलांचा दस्तक

राजूरच्या खाणीतला कोळसा परवान्याच्या कागदावाचून हलत नाही, हे येथे कोणालाही सांगावे लागत नाही. म्हणूनच, समुद्र इतका दूर असूनही, कान्होजी आंग्र्यांचा दस्तक समजावून देण्यास आम्हांला फारसे सायास पडू नयेत.

१६९८ साली सिधोजी गुजरांच्या मागून कान्होजी सरखेल झाले आणि कोकणपट्टीची राखण त्यांच्याकडे आली. आरमार हे मोठे खर्चाचे काम. सागवान हवे, दोरखंड हवेत, दारूगोळा हवा, आणि खलाशांचा पगार तर महिन्याच्या महिन्याला हवा. औरंगजेबाशी झुंजणाऱ्या राज्याकडून तो पैसा येण्याचे ते दिवस नव्हते. तेव्हा किनाऱ्याने जाणाऱ्या व्यापारी गलबताने सरखेलांचा दस्तक पैसे भरून घ्यावा. नसेल ते गलबत धरावे, असा शिरस्ता पडला. शिपाईगिरी, सरहद्दीची राखण आणि परमुलखाच्या व्यापाऱ्यांशी व्यवहार ही तीन कामे त्या एका कागदात आली.

इंग्रजांनी याला चाचेगिरी म्हटले, आणि आपणही तो शब्द फार दिवस घोकला! पोर्तुगीज तर सोळाव्या शतकापासून हिंदी गलबतांच्या माथी आपला कार्ताझ मारीत होते. इंग्रजही आपले परवाने देतच होते.

१७१२ साली मुंबईच्या गव्हर्नराचे सशस्त्र जहाजच कान्होजींनी धरले, तेव्हा पुढल्या वर्षी इंग्रज तहास आले. त्याच सुमारास बाळाजी विश्वनाथांनी कान्होजींना शाहू महाराजांच्या बाजूस वळवून त्यांची सरखेली कायम केली. इंग्रजांशी झालेला तह मात्र टिकला नाही. कंपनीची जहाजे सोडावीत, हे कान्होजींना मान्य होते. पण हिंदी सावकाराचा माल इंग्रजी निशाणाखाली जाऊ लागला, की दस्तकाचा पैसा बुडे. तेथे त्यांनी हट्ट सोडला नाही, आणि आमच्या मते तो रास्तच होता. इंग्रजांनी १७१८ साली खांदेरीवर, १७२० साली विजयदुर्गावर आणि १७२१ साली पोर्तुगीजांना बरोबर घेऊन कुलाब्यावर चाल केली. तिन्ही मोहिमा फसल्या.

एक उणे मात्र सांगितले पाहिजे. ज्या पैशावर आरमार उभे होते, तो आंग्र्यांच्याच हाती राहिला. म्हणून आरमारही राज्याचे न होता घराण्याचे झाले. १७२९ साली कान्होजी वारले आणि मुलांत भाऊबंदकी माजली. १७५६ साली खुद्द पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेऊन तुळाजी आंग्र्यांच्या विजयदुर्गावर मोहीम केली. इंग्रजांच्या तोफांनी बंदरातले आरमार जळून गेले, आणि तुळाजी पेशव्यांच्या कैदेत पडला.